पेत्राचं सहावं बोट

"अहो, मोजा काढा."

"मेलो तरी काढणार नाही."

"मेल्यावर तर मीच काढीन. पण चित्र आत्ता पुरं करायचंय."

वहिनी गरम पाण्याचा टब घेऊन जमिनीवर बसली होती, दादा चाकांच्या खुर्चीत, आणि मी दोघांच्या मध्ये. लग्नापासून या दोघांनी धाकट्या दिराला ठेवलेली जागा हीच.

दादाच्या मोज्यांचं काय सांगावं! आमचा दादा लिफ्ट चालवायचा. लोक त्याला मोज्यांसकटच जन्मला असं म्हणायचे. समुद्रावर गेला तर मोज्यांसकट पाण्यात. एकदा त्याला विंचू चावला, तर त्या बिचाऱ्यालाही मोज्यावरूनच उरकावं लागलं. पुढे अर्धांगवायूने डावी बाजू गेली, तेव्हा मोजे बदलायचं काम माझ्याकडे आलं. तेही वहिनीला खोलीबाहेर काढून, दार लावून.

वहिनीने जन्मभर दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेट रंगवल्या. हात थांबले की लोक नातवंडं खेळवतात. हिने धर्मशिक्षणाच्या कॉलेजात एम.ए.ला नाव घातलं. विषय, ख्रिस्ती धर्मशास्त्र आणि कला. पहिल्या वर्षी तिने देवदूत काढला. पंख इतके सरळ रेषेत, की खाली फोन नंबर कुठे दिसतो का ते मी शोधत होतो. पण बाई हटली नाही. देवदूत खरवडायची, पुन्हा काढायची. शेवटी त्यातला एक उडेलसा दिसायला लागला.

आता शेवटचं वर्ष होतं. प्रबंध आणि त्याला जोडून एक मोठं चित्र. प्रसंग तो, शेवटच्या जेवणाचा. प्रभू कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतोय आणि त्यांतला पेत्र नावाचा शिष्य पाय मागे ओढतोय. सगळे म्हणतात, पेत्राची ही नम्रता. गुरूने आपले पाय कसे धुवायचे? वहिनीने प्रबंधात लिहिलं, नम्रता नव्हे, लाज. माणूस आपला पाय लपवतोय.

लिहिलं खरं, पण चित्राला पाय माझे वापरले. मला गुदगुल्या होतात. तिच्या मार्गदर्शक सरांनी चित्र पाहिलं. हे सर ताडमाड उंच, बोलताना मागेपुढे झुलायचे, म्हणून सगळे त्यांना लंबक म्हणत.

"प्रबंधात लाज आहे," लंबक झुलत म्हणाले, "चित्रात नाही. तुमचा पेत्र केस कापून घ्यायला बसलाय."

म्हणून वहिनी आता टब घेऊन दादासमोर.

"भाऊजींचे पाय निर्लज्ज आहेत," ती म्हणाली. "मला तुमचे पाहिजेत."

"ए, तू सांगितलंस हिला?" दादा माझ्यावर उखडला.

"शपथेवर नाही!"

"त्यांनी कशाला सांगायला हवं?" वहिनी म्हणाली. "इतकी वर्षं एका अंथरुणात झोपतोय. पाय लागतोच की माणसाचा. माहीत होतं मला. पाहिलं तेवढं नव्हतं."

दादाच्या डाव्या पायाला सहा बोटं. शाळेत पोरं त्याला पाडून बूट पळवायची आणि मोठ्याने बोटं मोजायची. सहा म्हटलं की सगळे टाळ्या वाजवायचे. आईने मग त्याला मोजे घातले, ते कायमचे.

दादाने चांगला पाय टबावर आडवा धरला. "तू माझे पाय धुवायचे नाहीस. कधीच नाही."

वहिनीने टब थोडा पुढे सरकवला. मग हळूच म्हणाली, "हे प्रभूला कोण म्हणालं होतं, आठवतंय?"

"मला धर्मशास्त्र शिकवू नकोस."

"मी कुठे शिकवते? परीक्षा माझी आहे."

पाणी निवत आलं. मग दादा मला म्हणाला, "तू बाहेर जा." पहिल्यांदाच मी बाहेर आणि ती आत. दाराबाहेरून मला फक्त पाण्याचा आवाज आला, आणि बऱ्याच वेळाने पेन्सिलीचा.

तोंडी परीक्षेला दादाची खुर्ची ढकलत मीही गेलो. आम्ही दाराशी थांबलो. आत लंबकसर, बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, आणि भिंतीला टेकवलेलं चित्र. पेत्राचा चेहरा तुमच्याआमच्यासारखाच होता. पाय मात्र असा आकसलेला, की बघणाऱ्यानेच नजर वळवावी.

लंबकसर झुलायचे थांबले. "हे काय? सहा बोटं?"

"हो, सर."

"पेत्राला सहा बोटं होती असं कुठे लिहिलंय?"

"पाच होती असं तरी कुठे लिहिलंय, सर?"

परीक्षक बाई हसू दाबत म्हणाल्या, "प्रतीक आहे का हे? मानवी अपूर्णतेचं वगैरे? तसं एक पान जोडून द्या, मग काही हरकत नाही."

"प्रतीक नाही, बाई. बोट आहे."

"मग ते पुसा," सर म्हणाले. "नाहीतर निकाल थांबेल. पुन्हा वर्षभर बसाल."

"बसेन. पुसणार नाही."

"अहो, कुणाचं आहे तरी हे बोट?"

वहिनीने दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. पदवी जाईल, पण नाव घेणार नाही, हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

दादाने माझा हात दाबला. "आत ने."

मी खुर्ची आत ढकलली. दादा वाकला आणि चालत्या हाताने डाव्या पायाचा बूट सोडवायला लागला. वहिनी पुढे झाली, तर म्हणाला, "थांब." बूट निघाला. मोजा टाचेपाशी अडला. एका हाताने मोजा काढायला किती वेळ लागतो, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं. शेवटी तो निघाला आणि लंबकसरांच्या पायाशी पडला.

सर तो उचलायला वाकले. एवढा लांब माणूस, वाकता वाकता गुडघ्यांवर आला, आणि दादाच्या पायासमोर तसाच राहिला. झुलणं बंद.

"घालू का?" त्यांनी हळूच विचारलं.

"राहू द्या," दादा म्हणाला. "तिची परीक्षा होऊ द्या."

परीक्षक बाईंनी चष्मा पुसला. "बरं," त्या वहिनीला म्हणाल्या, "लाजेबद्दल सांगत होता तुम्ही."

वहिनी सांगायला लागली.

ती पास झाली. सरांनी शेरा मारला, "शरीररचना वादग्रस्त." ती तो शेरा येणाऱ्याजाणाऱ्याला मिटक्या मारत वाचून दाखवायची. दादा पुढच्या हिवाळ्यापर्यंत होता.

पण त्या दिवशी आम्ही कॉलेजच्या लांब व्हरांड्यातून परतत होतो. वर्ग सुटले होते, पोरं दोन्ही बाजूंनी जात होती. उजव्या पायात बूट, डावा उघडा.

"गार लागत असेल," वहिनी म्हणाली. मोजा तिने मुठीत धरला होता. "घालू?"

"लागतंय गार," दादा म्हणाला. "नको."