खोटं मारलेला बाप

माझ्या नवऱ्यानं जंगल बघायला जाण्यासाठी स्वतःच्या जिवंत बापाला मारलं. मॅनेजर लिमनं रजा दोनदा नाकारली होती, आणि काँगोच्या नॅशनल पार्कात निघालेल्या संशोधकांबरोबर एकच जागा उरली होती. म्हणून रत्नदीपनं ऑफिसात सांगितलं, वडील वारले, नागपूरला जातोय. पंधरा दिवस मिळाले.

"लाज वाटते का रे? जळली ती तुझी हौस!" मी ओरडले. "बाबा ठणठणीत आहेत तिकडे!"

"अगं स्नेहल, खोटं मारलं की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात." वर हसतो! "बाबांचा फायदाच आहे."

लहानपणापासून त्याला हे एकच वेड. इथे सिंगापुरात आम्ही सायकली घेऊन पुलाउ उबीन बेटावर जायचो, तर म्हणायचा, हे कसलं जंगल, कुंडीतलं! काँगोहून परत आला तेव्हा आंग मो किओच्या आमच्या फ्लॅटमध्ये तासन्‌तास कॅमेऱ्यातले फोटो दाखवत बसला. दोन दिवस होडीतून, मग कमरेएवढ्या चिखलातून पायी, आणि शेवटी मोकळ्या जागेत पाण्यात उभे असलेले हत्ती. इतका खूश मी त्याला आमच्या लग्नातही बघितला नव्हता. मलेरियाच्या गोळ्या परतल्यावरही महिनाभर घ्यायच्या होत्या. त्यांनी मळमळतं म्हणून त्यानं सोडून दिल्या. मीही म्हटलं, राहू दे.

दहाव्या दिवशी ताप भरला. कंपनीनं ठरवून दिलेल्या क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरनं विचारलं, "कुठे बाहेर गेला होतात?" इथला कागद कंपनीत पोचतो, असं आम्ही दोघं धरूनच चाललो होतो. नोकरी गेली की इथे राहायचा पास गेला, पास गेला की सिंगापूर गेलं.

"इंडिया," रत्नदीप म्हणाला. "वडील वारले. शहरातच होतो, घरातच."

मी शेजारीच बसले होते. काँगो, एवढा एकच शब्द हवा होता. माझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं? त्या वर्षी घरोघरी डेंग्यू. डॉक्टरनं तोच धरला, भरपूर पाणी प्या म्हणाला आणि घरी पाठवलं.

तिसऱ्या दिवशी तो मला ओळखेना. मग हॉस्पिटलात मी गळा फाडून सांगितलं, काँगो, काँगोला गेला होता हो! रक्तात मलेरिया निघाला, मेंदूपर्यंत पोचलेला. दोन दिवसांनी रत्नदीप गेला.

बाबा नागपूरहून आले. यादवराव, वय सत्तर, रेल्वेतून रिटायर झालेले. विमानतळावरून येताना टॅक्सीत मी त्यांना सगळं सांगून टाकलं, रजेचं खोटंसुद्धा. आता लपवायचं कशासाठी? ते खिडकीबाहेर बघत राहिले.

अंत्यविधीला लिम आला, बरोबर ऑफिसातले चारपाच जण. मला म्हणाला, केवढं हे दुर्दैव, आधी वडील आणि लगेच मुलगा. बाबा माझ्या बाजूलाच उभे होते. रत्नदीपचंच कपाळ, त्याचेच कान. लिम त्यांच्याकडे बघतच राहिला.

"हे कोण?" त्यानं विचारलं.

आता सांगायचंच, असं मी ठरवलं होतं. देवाशपथ... छे, आम्ही बौद्ध, आमच्यात देवाची शपथ घेत नाहीत. रत्नदीपची घेते, खरंच ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"आय अ‍ॅम हिज अंकल," ते म्हणाले. "ही नेव्हर टोल्ड लाय. हिज फादर इज नो मोअर."

लिमनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि दोन्ही मरणांबद्दल सॉरी म्हणाला.