दुसऱ्या पाळीतली मुलं

"हे पोरगी आयुषच्या पायाकडे पायते, आयुषकडे नाई पायत," माझी सासू वच्छलाबाई म्हणाली होती.

मला हसू आलं. "मग व्यायाम शिकवणारी काय तोंडाकडे पायीन, आई?"

प्रिया अशा मुलांच्या व्यायामांवरच्या पीएच.डी.च्या अभ्यासासाठी विद्यापीठातून, चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहराजवळच्या आमच्या गावात आली, तेव्हा आयुष तीन वर्षांचा होता. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून त्याचे पाय आखडतात. रोज सकाळी उन्हात बसवून, टोरीचं म्हणजे मोहाच्या बियांचं तेल लावून मी त्याच्या पोटऱ्या ताणायची. चंद्रपूरच्या दवाखान्यात शिकवलं होतं तसं. सासूबाई त्याला धरून ठेवायच्या, तो गाव गोळा होईल असा बोंबलायचा. शेजारची मनकर्णाही आपल्या ज्योत्स्नाला घेऊन यायची. तिचं दुखणंही तेच.

कोणत्या मुलांना आधी व्यायाम शिकवायचे, याच्या प्रियानं चिठ्ठ्या काढल्या. आमची दोन्ही मुलं 'दुसऱ्या पाळीत' आली.

"पहिल्या पाळीतल्या मुलांचं झालं की तुमचे व्यायाम सुरू," ती म्हणाली. "तोवर मालिश, ताणणं सगळं बंद ठेवा हं वहिनी. नाहीतर फरक कशानं पडला ते कळणार नाही."

मनकर्णा बिचकली. "बंद काऊन? पोरगी आखडून जाईन ना."

"तिले जास्त समजते का तुले?" मीच म्हटलं.

प्रिया यायची, पाय मोजायची, आमच्याकडे जेवायची. आयुषला मांडीवर घेऊन भात भरवायची. पोरगं चवड्यांवर चालून राह्यलं, असं मी किती वेळा दाखवलं. "वाढीच्या वयात होतं असं," ती म्हणायची.

मग तिचं येणं थांबलं. फोनही उचलेना. शेवटी मी आयुषला चंद्रपूरला नेलं. डॉक्टरांनी टाच दाबून पाहिली. ती खाली येईचना.

"ताणणं कोणी बंद करायला सांगितलं? आता प्लास्टर. नाही जमलं तर ऑपरेशन."

दवाखान्याच्या पायरीवरून, नवऱ्याच्या मोबाईलवरून प्रियाला फोन लावला. तो नंबर तिच्याकडे नव्हता; तिनं लगेच उचलला.

"वहिनी, प्रबंध सादर झाला. दुसरी पाळी आता होणार नाही."

"टाच उचलली जाते, तुले माहीत होतं?"

"मोजमापात दिसत होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही मालिश सुरू केली असती."

"माझ्या घरी जेवत होतीस ना तू!"

"मी माझं काम करत होते, वहिनी."

विद्यापीठाला तक्रार केली आहे. 'चौकशी करू' म्हणाले. आयुषचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये आहेत. त्याला सोडून मला कुठं जाता येत नाही.

पण मनकर्णाला यातलं काहीच माहीत नाही. हे कळायच्या आधीच तिच्या नवऱ्याला, मुखरूला, भद्रावतीकडे ठेकेदाराकडे काम मिळालं, तेव्हा ती पोरीला घेऊन गेली. तिचा फोन बंद आहे. माझ्या शब्दावर ती अजून पाळीची वाट पाहत असेल, पोरीच्या पायाला हात न लावता.

तुम्ही भद्रावतीच्या बाजूला राहत असाल, तर भाड्याच्या खोल्यांमध्ये विचारा. मुखरूची बायको मनकर्णा, मुलगी ज्योत्स्ना, पाच वर्षांची. मुलीला उभं करा आणि टाच जमिनीला टेकते का, पाहा. तिच्या आईला सांगा, कोणी येणार नाही, आजच दवाखान्यात ने.