वारा मागे पडतो तेव्हा

"लेसर जुळवताना तुझा हात हलतो," हे माझ्या गाईड सरांचं पालुपद ऐकून ऐकून माझे कान किटले होते. माझं काम प्रयोगशाळेतल्या बोगद्यात वाऱ्याचा वेग मोजण्याचं. आवाजाच्या दुप्पट वेगाने धावणारा वारा. त्यात उपकरण खुपसायची सोय नाही, खुपसलं की वाराच बिघडतो. म्हणून पिठाहून बारीक पावडर सोडायची, लेसर पाठोपाठ दोनदा चमकवायचा, दोन फोटो घ्यायचे आणि कण किती सरकले ते पाहायचं. कण हलके असले तर वाऱ्याच्याच वेगाने पळतात.

आणि माझा आकडा दर वेळी सरांच्या गणितापेक्षा कमी! आरसे पुसले, कॅमेरा काढून पुन्हा बसवला, लेसर नव्याने जुळवला. आकडा ढिम्म हलेना. शेवटी सरांनी सांगूनच टाकलं, "शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर हे काम दुसऱ्या कुणाला तरी देतो." म्हणजे माझी पीएचडी गेली पाण्यात. आईला फोन केला, तर ती म्हणते, "अगं, वाराच तो. कमी-जास्त व्हायचाच." डोकंच फिरलं माझं.

गुरुवारी वैतागून मी पावडरच मायक्रोस्कोपखाली ठेवली. कण कसले, ढेकळं होती! ओल धरलेली. असली जड ढेकळं वाऱ्याबरोबर कशाला पळतील? मागे पडत होती ती आणि बोलणी खात होते मी. पण पावडर तर मी रोज सकाळी ओव्हनमध्ये सुकत ठेवते! तडक जाऊन ओव्हन उघडला. पावडरीच्या शेजारी सरांचा जेवणाचा डबा, झाकण किलकिलं, मस्त वाफा निघताहेत.

मी डबा उचलला आणि त्यांच्या टेबलावर आदळला. "सर, यातल्या वाफेने माझी पावडर भिजतेय," एवढंच म्हणाले. आणखी तोंड उघडलं असतं तर पीएचडी तिथेच संपली असती.

शुक्रवारी कोरडी पावडर सोडली. आकडा सरांच्या गणिताशी तंतोतंत जुळला. सर खुशीत म्हणाले, "बघ! माझं गणित बरोबरच होतं."

"आणि माझा हातही," मी म्हणाले. "तेवढं एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पुढच्या वेळी," ते म्हणाले, "पावडर सुकताना जरा लक्ष ठेवत जा."

पीएचडी वाचली होती, आणि मी जिन्यात बसून रागाने घळाघळा रडत होते.