बोल्टवरचा दोरा

"मामा, टेंपोवाला खोळंबलाय. अजून किती गाठी मारणार आहात?" भाची योगिनीने दारातून विचारलं.

"मारू दे. पुण्याला चाल्लीय ती. सरकारी लोकांच्या हातात."

झुंबरनाना आहेर पाण्याच्या मोटारीच्या बोल्टांवर लाल दोरा गुंडाळत होते आणि प्रत्येक गाठीवर वार्निशचा थेंब सोडत होते. कोणी बोल्ट सैल केला की दोरा तुटणार. सातपूरच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या गाळ्यात जळालेल्या मोटारी भरायला येतात. नवी तार भरायची वेळ आली की नाना गिऱ्हाइकाला चहाला पिटाळतात, शटर अर्धं खाली ओढतात आणि पाठ करून बसतात. या धंद्यात तारेचे वेढे कोणी कोणाला दाखवत नाही. पण नानांची तऱ्हा त्याहून निराळी. ते चहासुद्धा पाठ करून पितात.

त्याला कारणही होतं. कारखान्यात असताना त्यांनी एक युक्ती काढली आणि भोळेपणाने साहेबांना दाखवली. बक्षीस साहेबांना मिळालं, फोटो साहेबांचा लागला, आणि नानांना टाळ्या वाजवायला पुढच्या रांगेत बसवलं. तेव्हापासून ते ताकही फुंकून पीत आले.

आता त्यांनी विहिरीवरच्या मोटारीत तार अशी काही भरली होती, की गावाकडची मरतुकडी वीज आली तरी मोटार तापायची नाही आणि बिलही कमी यायचं. नामपूरला बहिणीच्या विहिरीवर ती दोन उन्हाळे चालली. बहिणीची मुलगी योगिनी नाशिकला तंत्रनिकेतनात शिकवते. तिने हे पाहिलं आणि तीच मागे लागली, की वीज वाचवणाऱ्या शोधांना सरकार अनुदान देतं, अर्ज करूया. सातवी शिकलेल्या अर्जदाराला कोणाची तरी शिफारस हवी होती. योगिनीने प्राचार्यांना गळ घातली आणि खाली स्वतःची सही केली.

"नाव कुणाचं टाकलं?" नानांनी तेव्हा विचारलं होतं.

"तुमचंच की. माझं कशाला?"

नाना हसले, पण कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी अर्ज पुन्हा वाचून घेतला. नाव खरंच त्यांचं एकट्याचं होतं. तरी मनातली पाल चुकचुकायची थांबली नाही.

आणि म्हणूनच, तपासणीसाठी पुण्याला निघालेली, लाल दोरा बांधलेली ही मोटार मुळात ती नव्हतीच. तसाच हिरवा रंग मारलेली साधी मोटार होती. नामपूरहून काढून आणलेली खरी मोटार मागे बारदानाखाली होती. हे नानांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यांचा हिशेब सोपा होता. सरकारी लोक युक्ती ढापायला मोटार उघडणार, दोरा तुटणार, चोर रंगेहाथ सापडणार. खरी मोटार काय, नंतर दाखवता येईल. तपासायला मागवलेली वस्तू कोणी खरोखरच तपासेल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

दिवाळीच्या आधी मोटार परत आली. टेंपोच्या मागोमाग योगिनी स्कूटीवर आली. तिचा चेहरा उतरला होता.

"मामा, त्यांनी नाही म्हटलं. बाजारातल्या मोटारीसारखीच चालते म्हणे. विजेची काही बचत नाही. मी फोनवर भांडले. म्हटलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, पुन्हा तपासा. त्यांनी पुन्हा तपासली. तेच आलं."

नानांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते गुडघ्यांवर बसून बोल्ट चाचपत होते. दोरा जसाच्या तसा होता. एकही गाठ हललेली नव्हती.

"उघडली नाय त्यांनी?"

"कशाला उघडतील? चालवून बघतात मामा. वीज किती खाते, पाणी किती उचलते. आत काय आहे ते कोणी विचारलंसुद्धा नाही."

चोर सापडला असता तर किती बरं झालं असतं, असं नानांना मनापासून वाटलं.

"योगे, ही ती नाय."

"म्हणजे?"

नानांनी मागे बोट दाखवलं. योगिनीने जाऊन बारदान उचललं. दुसरी हिरवी मोटार पाहिल्यावर तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

"ते लोक चोरतील असं वाटलं तुम्हाला?"

"कुणाचा भरवसा धरायचा बाई? विश्वास गेला पानिपतात."

"अर्ज मी लिहिला. शिफारस मी आणली. मला तरी सांगायचं होतं. का माझाही भरवसा नव्हता?"

नाना नखाने दोऱ्यावरचं वार्निश खरडत राहिले. तसं नाही गं, म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण ते खोटं झालं असतं. नाना इतकी वर्षं संशय घेत आले होते, तोंडाने खोटं मात्र बोलत नसत.

योगिनीने हेल्मेट उचललं.

"पुढच्या वर्षी परत अर्ज करता यील का गं?" नानांनी विचारलं.

"येईल. शिफारस मात्र दुसऱ्या कोणाची तरी घ्या."

स्कूटीचा आवाज दूर गेला. मग नानांनी शटर पार वरपर्यंत सारलं, खरी मोटार ओढत दारात आणली, तिचं झाकण काढलं आणि तोंड रस्त्याकडे करून ठेवली. आतली सगळी तारेची भरणी, एकूण एक वेढा, कोणालाही दिसेल अशी. आणि शेजारी स्टुलावर बसले.

शिफ्ट सुटली होती. कामगारांच्या मोटारसायकली एकामागून एक गाळ्यासमोरून जात होत्या. कोणीही आत पाहिलं नाही.