हर्षाचा निबंध

सासरच्या गावाहून, कुहीहून चंपतराव कधी फोन करत नसत. कामिनीचे ते भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्या दुपारी फोन आला, तेव्हा ती वकीलसाहेबांच्या ऑफिसात नोटीस टाइप करत होती.

"काहून वं, घरची इज्जत इंटरनेटवर टांगली का? साऱ्या गावाच्या मोबाइलवर तुह्या पोरीचा निबंध फिरून राहिला." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

कामिनीनं हर्षाच्या शाळेची वेबसाइट उघडली. 'आमचे निवडक निबंध' या पानावर हर्षाचा गणवेशातला फोटो, पूर्ण नाव, इयत्ता नववी, आणि खाली निबंध, 'मी केलेला प्रवास'. हर्षानं लिहिलं होतं: बाबांनी भर दुपारी आईला नि मला घराबाहेर काढलं. आई एसटीत खिडकीकडे तोंड करून रडत होती. नागपुरात उतरल्यावर तिनं मला बजावलं, कोणी विचारलं तर शिकायला आलो म्हणून सांगायचं.

सक्करदऱ्यातल्या शेजारणींना आणि ऑफिसात कामिनीनं दोन वर्षं हेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुटी टाकून ती शाळेत गेली. मुख्याध्यापिका प्रेमलता मॅडमनी तिला बसायलाही सांगितलं नाही.

"आमच्या सरांनी शिकवलं, आमच्या वर्गात लिहिलं. निबंध शाळेचाच आहे."

"लिखाण लिहिणाऱ्याचं असते, मॅडम. पोरगी चौदा वर्षांची असली तरी. तुम्ही मले विचारलं, का तिले?"

"प्रवेशअर्जावर तुमची सही आहे."

"अर्ज दाखवा."

क्लार्कनं फाइल आणली. कामिनीनं उभ्यानंच वाचून काढली. कार्यक्रमांचे फोटो छापायला पालकांची हरकत नाही, एवढंच त्यात होतं.

"निबंधाचं कुठाय यात?"

मॅडमचा आवाज खाली आला. "पुढच्या वर्षी दहावी आहे तिची. शाळेशी वाकडं घेऊन तिचं भलं होईल का, बघा."

"हेही पत्रात लिहू का? मी रोज नोटिशीच टाइप करते." निबंधाचं पान काढून टाका, असं घरून लिहून आणलेलं पत्र कामिनीनं टेबलावर सरकवलं. "पोच द्या." शिक्का पडेपर्यंत ती हलली नाही. ती ऑफिसात पोचली तोवर वेबसाइटवरून पान निघालं होतं.

संध्याकाळी हर्षानं दप्तर पलंगावर आपटलं. "पान तूनं काढायले लावलं?"

"मंग? तसंच राहू देऊ?"

"मले विचारलं का?"

"तुले काय विचारायचं त्यात?"

"मॅडमनं नाही विचारलं, तूनंही नाही. निबंध मी लिहिला होता ना?" हर्षा रडत नव्हती, तेच कामिनीला जास्त लागलं. "पान होतं तोवर पोरी नुसत्या बघत होत्या. आता म्हणून राहिल्या, खोटं लिहिलं होतं म्हणून शाळेनं काढलं. दोन वर्षं तुह्यासाठी खोटं बोलली मी. एकदा खरं लिहिलं, तं खोटी ठरली."

"माझं रडणं गावाले दाखवायची काय गरज होती?"

"गावाले नाही, सरांले दाखवलं होतं. गावाले शाळेनं दाखवलं."

दोन दिवस दोघी जेवायला वाढण्यापुरतंही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी हर्षानं एक कागद पुढे ठेवला. माझा निबंध फोटो न लावता, माझ्या नावानं, एकही शब्द न बदलता पुन्हा प्रसिद्ध करावा. खाली पालकाच्या सहीची जागा.

"ते रडायचं वाक्य तरी काढ," कामिनी म्हणाली.

"तू रडत होती."

कामिनीनं कागद ओढून घेतला. मग तिनं रागानं सही केली आणि पेन टेबलावर टाकलं. "तुह्या मॅडमच्या दारात मी येणार नाही. तूच जा."

हर्षा एकटी गेली. मॅडमनी अर्ज न वाचताच परत दिला. असला मजकूर शाळा आता लावणार नाही, म्हणाल्या. तेव्हा हर्षा मराठीच्या सरांकडे गेली आणि तोच निबंध वर्गात वाचायची परवानगी मागितली. सर जरा घुटमळले, पण हो म्हणाले.

तिनं सगळा वाचला, रडण्याच्या वाक्यासकट. घरी येऊन आईला एवढंच सांगितलं, "वाचला मी." कामिनी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "कोणी हासलं का?"

"नाही," हर्षा म्हणाली, आणि हातपाय धुवायला गेली.