शालन ऊर्फ महानंदा

महानंदाला लोकांच्या तोंडात बघायची खोडच जडली होती. समोरचा माणूस काय बोलतोय हे कळायच्या आधी तिला दिसायचं, की हा डाव्या बाजूनं चावत नाही, किंवा यानं पान सोडलंय पण अलीकडेच. जडेल नाही तर काय? चिकपेटच्या कापडबाजारातल्या एका बोळात, साड्यांच्या घाऊक दुकानाच्या माडीवर डॉक्टर कृष्णमूर्तींचा दातांचा दवाखाना, आणि त्या दवाखान्यात ती एकोणीस वर्षं मदतनीस होती. पेशंटच्या तोंडातली लाळ ओढणारी नळी धरायची, दिवा वळवायचा, सिमेंट कालवून द्यायचं. बघायचं सगळं आणि बोलायचं काही नाही, असं ते काम होतं.

एकदा एका कापडवाल्याची सात वर्षांची मुलगी आली. तिचा दुधाचा दात डॉक्टरांनी चिमटीत धरून अलगद काढला आणि कापसावर ठेवला. पोरगी रडली नाही. तिनं दात उलटा करून बघितला आणि महानंदाला विचारलं, "आंटी, याचं मूळ कुठे आहे?"

महानंदानं बघितलं. खरंच नव्हतं. एक्स-रेमध्ये दुधाच्या दातांना चांगली लांब मुळं असतात, तिनं शेकड्यांनी पाहिली होती. पडलेले दातही शेकड्यांनी पाहिले होते, सगळे बिनमुळाचे. दोन्ही गोष्टी रोज डोळ्यांसमोर, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध असेल असं कधी डोक्यात आलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली.

दुपारी तिनं डॉक्टरांना विचारलं.

"विरघळतं ते, अम्मा," डॉक्टर डबा उघडत म्हणाले. "खालून पक्का दात वर सरकतो, तसतसं मूळ विरघळत जातं."

"कोण विरघळवतं? आणि कधी सुरू करायचं हे त्याला कसं कळतं?"

"हे सगळं शिकायला पाच वर्षं लागतात," डॉक्टर म्हणाले आणि दहीभात कालवू लागले.

तिनं गप्प बसावं म्हणूनच डॉक्टर ते बोलले होते. ती गप्प झालीही. पण पाच वर्षं हा आकडा डोक्यातून जाईना. नुसती नळी धरण्यात एकोणीस गेली होती, मग पाच म्हणजे काय फार?

घरी मुलगी मुग्धा होती, एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत नुकतीच लागलेली. तिनं मोबाइलवर नियम शोधून काढले. "आई, दंतवैद्यकाच्या प्रवेश परीक्षेला वरची वयाची अटच नाही आता. सतरा पूर्ण पाहिजेत एवढंच लिहिलंय. तुझी झाली असतील की!"

महानंदाची एक्केचाळीस झाली होती. बारावी सायन्स निपाणीला केलेली, मार्क चांगले, आणि निकालानंतरच्या वैशाखात लग्न. तिनं मुग्धाला फॉर्म भरायला सांगितलं आणि दवाखान्याच्या दुपारच्या सुट्टीत अभ्यास धरला. एक ते चार दवाखाना बंद असे. डॉक्टर घरी झोपायला जात. ही पेशंटच्या खुर्चीत आडवी व्हायची, वरचा मोठा दिवा लावायची आणि जीवशास्त्राचं पुस्तक त्या उजेडात धरायची. पहिल्या वर्षी भौतिकशास्त्रानं तोंडघशी पाडलं. दुसऱ्या वर्षी क्रमांक असा आला, की कागदपत्रं ठीक निघाली तर सरकारी दंत महाविद्यालयातली जागा जवळजवळ पक्की. मुग्धानं मागच्या वर्षीचे आकडे काढून तसं सांगितलं. खासगी कॉलेजचं नाव काढायची सोयच नव्हती, तेव्हा हीच एक वाट होती.

नवरा नागराज खालच्याच बाजारात कापडाच्या दुकानात होता, चोवीस वर्षं मीटरपट्टी हातात. तो नाही म्हणाला नाही आणि हो पण म्हणाला नाही. "एवढं काय हाय त्या दातात?" असं एकदा विचारलं होतं त्यानं, पण उत्तराला थांबला नव्हता.

कागदपत्रांच्या पडताळणीचा शेवटचा दिवस शुक्रवार. मल्लेश्वरममधल्या केंद्रात महानंदा एकटीच गेली. तिचा नंबर लागला दुपारी दोनला. टेबलापलीकडे अनुसूया मॅडम होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर शिक्क्यांची रांग. उमेदवार हीच, हे ऐकून त्यांनी भुवई तेवढी उडवली. सरकारी माणसाला हे जमतं. मग त्यांनी कागद पसरले आणि त्यांचं बोट थांबलं.

"दहावीच्या मार्कलिस्टवर शालन नागनाथ कदम. बारावीच्या, शालन नागनाथ कदम," त्या कानडीत म्हणाल्या. "प्रवेश परीक्षेच्या निकालावर आणि आधारवर महानंदा नागराज सावंत. ही शालन कोण?"

"मीच."

"आणि महानंदा?"

"ती पण मीच, मॅडम."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "वडिलांचं नाव एक. जन्मतारीख एक. जुळ्या बहिणी असाल तर? एक बारावी झाली आणि दुसरीनं परीक्षा दिली, असं नाही कशावरून?"

मुग्धानं आधार बघून फॉर्म भरला होता आणि दोघींनाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं. निपाणीकडच्या तिच्या ओळखीतल्या निम्म्या बायकांची अशीच दोन दोन नावं होती. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असंच कोणालाही वाटलं असतं.

"आमच्यात लग्नात नाव बदलतात," ती म्हणाली.

"आडनाव."

"पहिलं पण. नवरा ताटात तांदूळ पसरतो आणि अंगठीनं नवं नाव लिहितो. त्या दिवसापासून तेच नाव."

अनुसूया मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मागे पंचवीस माणसांची रांग होती, तरी त्यांना राहवेना. "तांदळात? आणि मग आधीचं नाव कुठे जातं?"

महानंदाला असं कोणी विचारलंच नव्हतं.

"सरी, बरं," मॅडम भानावर येऊन म्हणाल्या. "दोन्ही नावं एकाच बाईची, असं शपथपत्र आणा. तुमचं आणि नवऱ्याचं, दोघांच्या सहीचं. राजपत्राची नोंद प्रवेशाच्या वेळी दिली तरी चालेल. पण शपथपत्र आज, पाचच्या आत. पाचला यादी बंद होते, मग माझ्या हातात काही नाही."

महानंदानं बाहेर येऊन नवऱ्याला फोन केला. दुकानात आषाढाचा सेल होता, मालक सोडेल की नाही कोण जाणे. पण तासाभरात नागराज मेट्रोनं आला, खिशातून टेप लोंबकळत असलेला.

नोटरी केंद्रासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसत असे. अशा दिवशी त्याची चांदी असते. दोघांच्या पुढे सातजण होते. नंबर आला तेव्हा चारला दहा कमी होते. नोटरीकडे मजकूर तयारच होता. त्यानं नावं टाकली, ई-स्टँपचा कागद छापला आणि कानडीत घडाघडा वाचून दाखवला. मी अमुक अमुक, माझं पूर्वीचं नाव शालन, ते मी विवाहाच्या वेळी स्वखुशीनं बदलून महानंदा असं केलं. हे सर्व खरं आहे असं मी शपथेवर सांगते.

"इथे सही."

महानंदानं पेन घेतलं. दवाखान्यात तिला एक सवय लागली होती, पेशंटच्या संमतीचा कागद शब्द न् शब्द वाचून दाखवायची. डॉक्टर कंटाळायचे, पण ती एक ओळ गाळत नसे. तीच सवय आता आडवी आली.

"स्वखुशीनं म्हणजे काय ओ?" तिनं विचारलं.

"म्हणजे कोणी जबरदस्ती केली नाही," नोटरी म्हणाला. "सगळ्यांचं असंच असतं. करा सही, मागे माणसं आहेत."

"सही कर की," नागराजही म्हणाला. "पाच वाजाय आलेत."

तिला कळत होतं की सही करावी. एका शब्दासाठी पाच वर्षांची जागा घालवायची म्हणजे शुद्ध वेडेपणा. खोटं तसं चिमूटभरच होतं आणि कोणाचं काही बिघडणार नव्हतं. पण शपथ म्हटल्यावर तिचा हात उचलेना.

"मला कोणी विचारलंच न्हाई," ती नवऱ्याला हळू आवाजात म्हणाली. "जबरदस्ती न्हाई, पण खुशी तरी कुठं? मी पाटावर बसले हुते. तुम्ही लिहिलासा, सगळ्यांनी वाचलं, टाळ्या वाजवल्या. मला उलटं दिसत हुतं ताटातलं. माझं नाव काय झालं, ते मला शेवटाला कळलं."

चोवीस वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती. राग नव्हता तिच्या बोलण्यात, पेशंटला कुठं दुखतं हे डॉक्टरांना सांगावं तसं ती सांगत होती, आणि म्हणूनच नागराजला ते जास्त लागलं.

"आत्यानं कानात सांगितलं," तो म्हणाला. "महानंदा लिही, म्हणाली. का महानंदा, तेबी मी विचारलं न्हाई. तुझं शालन नाव चांगलं हाय, असं मनात आलं हुतं माझ्या. पण तवा तोंड उघडलं न्हाई." मग तो नोटरीकडे वळला. "साहेब, ते स्वखुशीनं काढा."

"आणि काय घालू?"

"घाला, की लग्नात नवऱ्यानं नाव बदललं. बायकोला विचारलं न्हाई."

नोटरीनं चष्मा काढून पुसला. "असं कोणी लिहीत नाही. केंद्रात घेतलं नाही तर मला बोलायचं नाही. नवा स्टँप लागेल, वेळ जाईल. चार वीस झालेत."

नागराजनं बायकोकडे बघितलं. "जागा तुझी जाणार, माझी न्हाई. तू म्हण."

महानंदाला भीती वाटत होती. दोन वर्षांच्या दुपारी, तो भौतिकशास्त्राचा डोंगर, ती खुर्ची. सगळं एका शब्दावर टांगलं होतं आणि तो शब्द तिनंच ओढून काढला होता.

"नवा छापा," ती म्हणाली.

ते केंद्रात परत शिरले तेव्हा पाचला बारा मिनिटं होती. अनुसूया मॅडमनी शपथपत्र घेतलं, सराईतपणे शेवटच्या ओळीकडे गेल्या, थबकल्या आणि पहिल्यापासून वाचू लागल्या. एकदा वाचून परत वाचलं. महानंदा घड्याळाकडे बघत उभी होती.

"हे कोणी लिहायला सांगितलं?"

"मी," नागराज म्हणाला.

"तुम्ही विचारलं का नाही त्यांना?"

"स्वल्प चूक झाली, मॅडम," तो म्हणाला, आणि मग स्वतःच मान हलवली. "स्वल्प न्हाई. मोठी झाली."

मॅडम हसल्या नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना त्यांनी कागद दाखवला, काहीतरी कुजबुज झाली, साहेबांनी खांदे उडवले. "दोन्ही नावं आहेत, दोघांच्या सह्या आहेत, शिक्का आहे," मॅडम मोठ्यानं म्हणाल्या, जणू स्वतःलाच. "नियमात आणखी काही मागितलेलं नाही." आणि त्यांनी शिक्का मारला. इतक्या जोरात मारला की शाईची डबी हलली.

"पंधरा वर्षं हे काम करतेय," पावती देताना त्या म्हणाल्या. "स्वखुशी नसलेलं शपथपत्र पहिल्यांदाच बघितलं. खरं असेल तर हेच पहिलं खरं असेल." मग त्यांनी पावतीवर बोट ठेवलं. "पडताळणी पूर्ण. कॉलेजच्या हजेरीत दहावीचं नाव लागेल. शालन. चालेल ना?"

"चालेल," महानंदा म्हणाली. पण जिना उतरताना तिला ते तितकं सोपं वाटेना. बारावी पास झाली ती शालन, हे खरं. पण शालनला तर एकोणिसाव्या वर्षी पाटावर बसवून संपवलं होतं. खुर्चीत आडवं होऊन पुस्तक धरलं ते महानंदानं. परीक्षा तिनं दिली, पहिल्या खेपेला पडली ती, दुसऱ्या खेपेला उठली तीच. तिच्या वाट्याला नुसतं ऊर्फ यावं, हेही काही न्यायाचं नव्हतं.

फाटकाबाहेर नागराजनं पावती हातात घेतली आणि बोट फिरवत वाचली. दुकानात कापडाचा पोत बघतो तशी ती उन्हात धरून बघितली.

"मग आता तुला काय म्हणू मी?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला काय म्हणावंसं वाटतंय?"

"न्हाई. ह्या खेपेला तू सांग."

ती विचारात पडली. समोरून बस गेली, एक रिक्षावाला थांबून विचारून गेला, तरी तिचा विचार संपेना, आणि तो खरंच थांबला होता. घाई कर म्हणाला नाही.

"घरात महानंदाच म्हणा," शेवटी ती म्हणाली. "तिनं लई कष्ट काढल्यात. पण एकदा ते दुसरं म्हणून बघा. तुमच्या तोंडून कधी ऐकलं न्हाई."

नागराजचे कान लाल झाले. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, त्यानं इकडंतिकडं बघून घेतलं. मग घसा साफ करून, जरा लांबच्या माणसाला मारावी तशी हाक मारली, "शालन!"

"ओ," ती म्हणाली, आणि भर रस्त्यात तिला रडू कोसळलं.