मागचं घर

केझायाच्या घरी एकच नियम होता. मागचं घर सांगायचं नाही, पुढचं विचारायचं नाही. नदीपलीकडून, केंटकीतून पळून आलेला गुलाम एका घरातून दुसऱ्या घरात असा सरकत सरकत कॅनडाला पोचायचा. मधली घरं एकमेकांना ओळखायची नाहीत. एखादं पकडलं गेलंच, तर फटके खाऊनही दुसऱ्याचं नाव तोंडातून निघू नये म्हणून.

केझाया स्वतः मोकळी, गुलाम नसल्याची कागदं असलेली काळी बाई. नवरा ओबेद झाडू बांधून गाडीतून विकायचा. गाडीला खोटा तळ होता, माणूस आडवा मावेल एवढा.

झिल्फा उजाडता उजाडता आली. टाचा फुटलेल्या, छातीशी सहा महिन्यांची लेटी. आधीची दोन्ही पोरं मालकानं विकली होती. हिचंही गिऱ्हाईक ठरलं तशी झिल्फा पळाली.

ती भाकरीचा तुकडा मोडते न मोडते तोच ओबेद आत आला. "स्ट्राउड येतोय. चार घरं मागं आहे."

स्ट्राउड म्हणजे पळालेली माणसं धरून परत नेणारा. केझायानं फळीवरची बाटली काढली. अफूचा अर्क. पोर रडलं की सगळेच मेले, म्हणून तो लागायचाच.

"मावशी, मागच्या घरच्या बाईनं हिला..."

केझायानं तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप. शिकवलं नाही का तुला?"

"शिकवलं. पण..."

"मग पण कशाला?"

झिल्फा गप्प बसली. गप्प बसणं तिला जन्मापासून येत होतं.

साखरेच्या पाण्यात चार थेंब. लेटीनं झोपेतच गिळले. "गुणाची आहे," केझाया म्हणाली.

मायलेकी गाडीच्या तळात गेल्या, वर फळ्या, फळ्यांवर झाडू.

"काय गं केझाया, एवढे झाडू कुणाला?" स्ट्राउडनं विचारलं.

"ज्याच्या घरी घाण आहे त्याला, साहेब."

"पलीकडे असतीस तर ही जीभ छाटली असती." तो हसला. घर उलटंपालटं केलं, मग गाडीच्या कडेला बसून सावकाश सफरचंद खाल्लं. टाचा फळ्यांवर आपटत होता. ठक, ठक. दुसरं कुठलंही पोर दचकून रडलं असतं. केझायाला आपल्या चार थेंबांचं कौतुक वाटलं.

तो गेल्यावर फळ्या काढल्या. झिल्फा उताणी, डोळे सताड.

"गार पडलीय," ती म्हणाली.

केझायानं पोरीला उलटं धरलं, चापट्या मारल्या, तोंडावर पाणी मारलं. ओठ निळेच राहिले.

"किती दिलेस, मावशी?"

"चार."

"त्या बाईनं पण चारच दिले होते." आवाजात राग नव्हता. तेच केझायाला सोसवेना.

पुरता येत नव्हतं. ताजी माती दिसली की स्ट्राउड खणून बघणार. ओबेदनं लेटीला परत आईच्या कुशीत ठेवलं.

"आता मी कशाला जाऊ?" झिल्फानं विचारलं. त्यानं फळी बसवली.

पंधरा दिवसांनी एक बाप आला. खांद्यावर दोनेक वर्षांची पोरगी, गाढ झोपलेली. स्ट्राउड परत वळणावर दिसत होता. केझायानं बाटली हातात घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "मागच्या घरी हिला काही पाजलं का?"

तो मागे सरकला. "कुठलं घर, बाई?"

"सांग रे बाबा. पोरीच्या जिवाचं आहे."

"आम्ही कुठंच थांबलो नाही." बघत होता तिच्याकडे, जशी काय तीच स्ट्राउडची माणूस.

केझायानं पोरीच्या तळपायाला चिमटा काढला. हललीसुद्धा नाही. म्हणजे पाजलंय. तिनं बाटली फळीवर परत ठेवली आणि बापलेकीला गाडीच्या तळात घातलं.

स्ट्राउड आला आणि त्याच जागी बसला. टाच आपटली. दुसऱ्या ठोक्याला खालून पोरगी रडायला लागली, खणखणीत. तिला कुणीच काही पाजलं नव्हतं. नुसती दमली होती.

स्ट्राउडनं सफरचंद खिशात ठेवलं आणि पहिला झाडू उचलला.